श्रद्धेचे सूत्र आणि सत्तेचा सोटा

इसवी सन ३२५ मध्ये एका रोमन बादशहाने बिशपांची सभा भरविली, मते मोजली आणि नाझरेथच्या एका सुताराच्या मुलाला बहुमताने देव करून टाकले, असे एक टाळीचे वाक्य आपल्याकडे बरीच वर्षे फिरते आहे. व्याख्यानमालांत ते ऐकू येते, भाषांतरित कादंबऱ्यांत सापडते आणि अलीकडे तर सकाळच्या सुप्रभाताबरोबर मोबाइलवर घरपोच मिळते. २०२५ साली त्या सभेला १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने या वाक्याला पुन्हा पालवी फुटली. ऐकणारा खूश होतो. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातला देव सरकारी ठरावाने बसविलेला निघाला, की आपला देव्हारा आपोआप चार बोटे उंच झाल्यासारखा वाटतो!

या टाळीच्या वाक्याला मला हरकत घ्यायची आहे. मी ख्रिस्ती नव्हे. शिक्षणात मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही आणि ग्रीक-लॅटिनचा मला गंध नाही. मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण या दोन्ही कामांनी मला एक खोड लावली आहे. कोणतेही वाक्य समोर आले, की ते प्रथम कोणी उच्चारले, कोणापुढे उच्चारले आणि उच्चारताना काय पणाला लावले, हे मी विचारतो. हा प्रश्न घेऊन ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांचा इतिहास वाचला, तेव्हा माझे मत असे झाले की, हे टाळीचे वाक्य खोटे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते एका खऱ्या गुन्ह्यावर पांघरूण घालते. बादशहाने ख्रिस्ताला देव केले नाही. बादशहांनी केले ते वेगळेच, आणि त्याची झळ पुढे आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

इंग्रजीत ज्याला 'क्रीड' म्हणतात त्याला मी येथे श्रद्धासूत्र म्हणणार आहे. हा शब्द मी हौसेने जुळविलेला नाही. 'क्रीड' आला लॅटिन 'क्रेदो'वरून. 'क्रेदो' म्हणजे मी विश्वास ठेवतो. हा 'क्रेदो' आणि आपली 'श्रद्धा' ही एकाच प्राचीन मुळाची दोन पाने आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आणि त्या मुळाचा अर्थ 'हृदय ठेवणे' असा त्यांतले बहुतेक लावतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेचे एक स्वतंत्र सूक्तच आहे. तेव्हा रोममधला माणूस 'क्रेदो' म्हणत होता, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या घरातलाच एक शब्द तो उच्चारीत होता. हे नाते ध्यानात ठेवले पाहिजे, कारण 'श्रद्धा' म्हणजे 'मत' नव्हे. मत डोक्यात असते आणि ते मोजता येते. हृदय कोठे ठेवले आहे ते मात्र ज्याचे त्यालाच सांगावे लागते.

या सूत्राला जुने ख्रिस्ती लोक आणखी एक नाव देत. ग्रीक शब्द 'सिम्बोलोन', म्हणजे ओळखीची खूण. इसवी सन ४०४ च्या सुमारास रुफिनस नावाच्या लेखकाने त्याचा अर्थ सांगताना सैनिकांची उपमा दिली. शत्रू-मित्रांचा वेष सारखाच असला म्हणजे पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. तसा हा परवलीचा शब्द. तो कागदावर लिहून ठेवायचा नाही, काळजात ठेवायचा. आपला माणूस अंधारात ओळखण्यासाठी तो होता, परक्याला उजेडात फटके मारण्यासाठी नव्हता.

आता ते टाळीचे वाक्य तपासू.

नायसिया हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. त्याचे हल्लीचे नाव इझनिक. रोमन काळी हे गाव बिथिनिया प्रांतात मोडे. मौज अशी की, याच प्रांताचा एक सुभेदार, प्लिनी त्याचे नाव, इसवी सन ११२ च्या सुमारास ट्राजन बादशहाला एक पत्र लिहितो. ते पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्या लोकांचे काय करावे, हा त्याचा प्रश्न. चौकशीत त्याला काय कळले? हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र म्हणतात. अधिक माहितीसाठी त्याने मंडळीची सेवा करणाऱ्या दोन गुलाम बायांचे हाल केले, तेही तो निर्विकारपणे नोंदवितो. नायसियाची सभा भरायला अजून दोनशेहून अधिक वर्षे होती. ज्या प्रांतात बादशहाने म्हणे ख्रिस्ताला देव केले, त्याच प्रांतात दोन गुलाम बाया त्या देवासाठी दोन शतके आधी यातना सोशीत होत्या. त्यांनी कोणाची मते मोजली होती?

आणखी मागे जाता येते. करिंथच्या मंडळीला पौलाने पहिले पत्र लिहिले ते इसवी सन ५५ च्या आसपास. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो ख्रिस्ताचे मरण, पुरले जाणे, उठणे आणि शिष्यांना दिसणे ही चार कलमे सांगतो आणि म्हणतो की, हे मला मिळाले तसे मी तुम्हांला दिले. म्हणजे हे बोल पौलाच्याही आधी कोणाच्या तरी तोंडी घोटले गेले होते. श्रद्धासूत्रांचा झरा येथे आहे. तो राजवाड्यात उगम पावलेला नाही. तो घराघरांतून, तळघरांतून, आणि ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता अशा माणसांच्या ओठांतून वाहत आला.

प्लिनीच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे. ख्रिस्ती कोण हे ओळखायची त्याची रीत अगदी सोपी होती. आरोपीने देवांचे नाव घ्यावे, बादशहाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहावे, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यावेत, की सुटला. न देईल तो मेला. शब्द तोंडातून काढून घेणे, हीच परीक्षा. ही परीक्षा सत्तेने शोधून काढली आणि ख्रिस्ती माणसाने प्रथम सोसली.

या सूत्राचा जन्म प्रत्यक्षात कसा झाला ते पाहिले, तर दृश्य मोठे साधे आहे. बाप्तिस्मा घेणारा माणूस पाण्यात उभा राहतो. त्याला तीन प्रश्न विचारले जातात: पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर तुझा विश्वास आहे काय? तो तीनदा 'क्रेदो' म्हणतो आणि तीनदा पाण्यात बुडतो. पुढे हे प्रश्न जोडून सलग निवेदन झाले. दीक्षार्थ्याला ते तोंडी द्यायचे, त्याने पाठ करून सर्वांपुढे परत म्हणायचे. रोमच्या मंडळीचे असे एक जुने सूत्र इसवी सन ३४० च्या सुमाराच्या एका ग्रीक पत्रात आपल्याला प्रथम सलग भेटते. त्याचेच वाढत गेलेले रूप म्हणजे आज पश्चिमेकडील मंडळ्यांत म्हटले जाणारे 'प्रेषितांचे श्रद्धासूत्र'. त्याचे हल्लीचे शब्द मात्र आठव्या शतकाच्या आरंभी, पिर्मिनियस नावाच्या धर्मोपदेशकाच्या पुस्तकात प्रथम सापडतात.

पाठ म्हणून दाखविणे ही आम्हां शिक्षकांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट. पण या पाठाला काय मोल पडे, याची एक हकीकत ऑगस्टिनने आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात सांगितली आहे. व्हिक्टोरिनस हा रोममधला नामांकित वक्तृत्वशिक्षक. त्याचा पुतळा चौकात उभारलेला; जुन्या दैवतांची बाजू त्याने जन्मभर लढविलेली. चौथ्या शतकाच्या मध्याला, उतारवयात, तो बाप्तिस्मा घ्यायला आला. संकोच वाटत असेल तर सूत्र खाजगीत म्हणा, अशी सवलत मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी देऊ केली. त्याने ती नाकारली. ज्या वक्तृत्वात तारण नव्हते ते मी उघड्यावर शिकविले, मग हे का चोरून म्हणू, असा त्याचा रोख. तो उंच जागी चढला तेव्हा गर्दीतून त्याच्या नावाची कुजबुज उठली. त्याने सूत्र म्हटले. त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती. उलट सूट होती, आणि ती त्याने घेतली नाही. श्रद्धासूत्र म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही एक हकीकत वाचावी. पुढचे सगळे वाद मग नीट कळतात.

आता दुसऱ्या बाजूच्या भाविकांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. बारा प्रेषितांनी एकत्र बसून या सूत्राचे एकेक वाक्य सांगितले, अशी आख्यायिका शतकानुशतके सांगितली गेली. वर ज्याचा उल्लेख केला तो रुफिनस प्रेषितांच्या एकत्रित रचनेची कथा देतो, आणि पुढच्यांनी तर कोणते वाक्य कोणत्या प्रेषिताचे याची वाटणीही करून टाकली. हा सारा भक्तीचा अलंकार. १४३८ मध्ये सुरू झालेल्या, फेराराहून पुढे फ्लॉरेन्सला गेलेल्या परिषदेत पाश्चात्त्यांनी हे सूत्र पुढे केले, तेव्हा पूर्वेच्या ग्रीक प्रतिनिधींनी सरळ सांगितले की, असे सूत्र आमच्याकडे नाही आणि आम्ही ते पाहिलेलेही नाही. प्रेषितांनी एकमुखाने दिलेला ठेवा अर्ध्या ख्रिस्ती जगाला ठाऊकच नसावा, हे कसे? बादशहाने केले म्हणणारे आणि प्रेषितांनी आयते दिले म्हणणारे, दोघांची चूक एकच. सूत्र वरून खाली आले असे दोघेही धरून चालतात. ते आले खालून.

ते खालून आल्याची एक खूण सूत्रातच आहे. ख्रिस्ताखेरीज त्यात माणसांची नावे दोनच. एक त्याची आई मरिया आणि दुसरा पंतय पिलात. देवाच्या नावांच्या ओळीत हा एक मध्यम दर्जाचा रोमन अधिकारी काय करतो? तो तेथे आहे तो तारखेसाठी. घडले ते कोण्या कल्पयुगात घडले नाही, अमक्या सुभेदाराच्या अमदानीत घडले, असे साध्या माणसाने आपल्या पद्धतीने बजावून सांगितले. आपल्याकडेही म्हातारी माणसे 'कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी' अशी साल सांगतात, तसेच हे. १९६१ साली सीझरिया येथील उत्खननात याच पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला, तेव्हा विद्वानांना आनंद झाला. पण त्या नावाची आठवण दगडापेक्षा माणसांच्या ओठांवर अधिक टिकली होती.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेऊन आपण नायसियात जाऊ.

वाद मुळात अलेक्झांड्रियातला. एरियस नावाचा तेथला एक धर्मोपदेशक. ख्रिस्त हा साधा माणूस आहे, असे तो मुळीच म्हणत नव्हता. सृष्टीच्या आधी देवाने ज्याला घडविले असा पुत्र, असे तो मानी. म्हणजे ख्रिस्त देव की माणूस, हा प्रश्न त्या सभेपुढे नव्हताच. प्रश्न होता तो असा: पुत्र पित्याशी एकच तत्त्वाचा आहे, की कितीही थोर झाला तरी शेवटी घडविलेला आहे? सभेने 'होमोऊसिओस', म्हणजे एकतत्त्व, हा शब्द सूत्रात घातला. पुढे काहींनी तडजोड सुचविली, 'होमोइऊसिओस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा. ग्रीक लिपीत दोहोंत फरक एका 'आयोटा'चा, सर्वांत बारीक अक्षराचा. या एका अक्षरासाठी साम्राज्य भांडले, म्हणून हसणारे पुष्कळ आहेत.

त्यांनी खुशाल हसावे. माझ्या वर्गातली मुलेही एका वेलांटीने दिनाचा 'दीन' करतात आणि 'गुरुजी, एवढ्याशा वेलांटीचे काय घेऊन बसलात' असे विचारतात. पण उत्तर घरातल्या गृहिणीकडूनच घेऊ. पाडव्याला तुम्ही पेढीवर गेलात आणि सराफ म्हणाला, "वहिनी, हे अगदी सोन्यासारखंच आहे हो!" तर तुम्ही काय कराल? बांगडी खाली ठेवाल आणि दुकानाची पायरी उतराल. 'सोने' आणि 'सोन्यासारखे' यांत अक्षरे तीनच वाढली, पण जन्माची पुंजी बुडाली. ज्याच्यावर जीव टाकायचा तो 'तोच' आहे की 'तसाच' आहे, हा प्रश्न ज्याने जीव टाकला त्याला बारीक वाटत नाही. काठावर उभ्या असलेल्याला तो बारीक वाटतो.

आणि काठावर कोण उभे होते? खुद्द बादशहा! सभेच्या आदल्या वर्षी कॉन्स्टंटाइनने दोन्ही पक्षांना पत्र लिहून कळविले होते की, हा वाद क्षुल्लक आहे, तुम्ही मिटवून टाका. त्याला धर्मसिद्धान्त नको होता, राज्यात शांतता हवी होती. त्या वेळी त्याने बाप्तिस्माही घेतलेला नव्हता. सुमारे २५० ते ३०० बिशप जमले. परंपरा ३१८ हा आकडा सांगते. बादशहाला एकवाक्यता हवी आहे हे दिसत होते. अखेर सही करायला दोघेच बिशप राहिले, लिबियाकडचे थिओनस आणि सेकंडस; त्यांना एरियसबरोबर हद्दपार केले.

येथवर टाळीच्या वाक्याची बाजू थोडी तरी सावरते असे वाटेल. पण नाटकाचा पुढचा अंक पाहा. काही वर्षांतच बादशहाचे मन फिरले. हद्दपार झालेले परत आले आणि ३३५ मध्ये नायसियाच्या सूत्राचा कैवारी अथनेशियस हाच हद्दपार झाला. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाच्या युसेबियसच्या हातून, म्हणजे एरियसच्याच पाठीराख्याकडून! त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस हा तर नायसियाच्या सूत्राचा उघड विरोधक. ३५९ मध्ये त्याने रिमिनी येथे पश्चिमेचे चारशेहून अधिक बिशप गोळा केले, आणि पुत्र पित्या'सारखा' आहे अशा मोघम सूत्रावर सह्या होईतो त्यांना घरी जाऊ दिले नाही. अथनेशियसला चार बादशहांनी मिळून पाच वेळा हद्दपार केले. त्याची सुमारे १७ वर्षे वनवासात गेली.

आता मला सांगा, हे सूत्र बादशहाच्या हुकमाने जगले असते, तर बादशहाच्याच हुकमाने ते मरायला हवे होते. रिमिनीच्या सभेला बिशप नायसियाहून जास्त होते, सह्या जास्त होत्या, जुलूमही जास्त होता. मग रिमिनीचे सूत्र आज कोणत्या मंदिरात म्हटले जाते? पश्चिमेचे बिशप घरी पोहोचताच सह्या मागे घेऊ लागले. जे लोकांच्या ओठांवर आधीपासून होते ते टिकले, आणि जे राजवाड्याने लिहून दिले ते वाळून गेले. याचे उत्तर ज्याला देता येईल त्याने मग बहुमताने देव केल्याची गोष्ट खुशाल सांगावी.

पण वाचकहो, येथे माझी बाजू संपत नाही, आणि सूत्राचे कैवारी समजतात तशी त्यांची निर्दोष सुटकाही होत नाही. बादशहांनी सूत्र बनविले नाही. त्यांनी सूत्राला सोटा बांधला. नायसियाच्या ३२५ च्या सूत्राच्या शेवटी शापांची एक शेपटी जोडलेली दिसते: जे असे-असे म्हणतील त्यांना मंडळी बहिष्कृत समजते. पाण्यात उभा राहून 'मी विश्वास ठेवतो' म्हणणाऱ्याच्या जागी आता 'आम्ही विश्वास ठेवतो' असे म्हणणारी सभा आली, आणि सभेच्या मागे हद्दपारीचा शिक्का आला. कॉन्स्टंटाइनने पुढे एरियसचे लिखाण जाळण्याचा आणि ते लपविणाऱ्याला देहदंड देण्याचा हुकूम काढला. ३८० मध्ये थिओडोसियस बादशहाने फर्मान काढून आपल्या पंथाबाहेरच्या ख्रिस्ती लोकांना वेडे ठरविले आणि शिक्षेची धमकी दिली. ३८५ च्या सुमारास ट्रीर येथे प्रिसिलियन नावाच्या बिशपचे शिर उतरविण्यात आले, ते ख्रिस्ती बादशहाच्या आज्ञेने आणि ख्रिस्ती बिशपांच्या फिर्यादीवरून. तूरच्या मार्टिनने विरोध केला होता, हे त्याच्या नावे जमा करावे. पण तो विरोध ऐकला गेला नाही.

प्लिनीची परीक्षा आठवते ना? शब्द म्हण, नाहीतर मर. तीन शतकेही लोटली नाहीत, तोच ती परीक्षा ज्यांनी सोसली त्यांच्याच नातवंडांनी ती हातात घेतली. फक्त शब्द बदलले, खुर्ची तीच राहिली. सासुरवास सोसलेली सून सासू झाली म्हणजे काय करते, हे मराठी घरांना सांगायला नको!

सोटा बांधलेल्या सूत्राचे पुढे काय होते, याचे दोन दाखले देतो. पहिला दाखला हसण्यासारखा आहे. पूर्वेकडच्या सूत्रात पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, असे म्हटले आहे. पश्चिमेने त्यात 'आणि पुत्रापासून' या अर्थाचा एक लॅटिन शब्द घातला. स्पेनमध्ये तो सहाव्या शतकात रुजत होता. नवव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या लिओ या पोपने तर तो शब्द नसलेले सूत्र चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावले, तरी १०१४ मध्ये रोमनेही तो स्वीकारला. १०५४ मध्ये पोपचा वकील कॉन्स्टंटिनोपलला गेला आणि बहिष्काराचा लेख ठेवून आला. त्यात ग्रीकांवर एक आरोप असा होता की, त्यांनी सूत्रातला हा शब्द गाळला! ज्यांनी घातला त्यांनीच गाळल्याची फिर्याद करावी! हे बहिष्कार मागे घ्यायला १९६५ साल उजाडावे लागले.

दुसरा दाखला हसण्यासारखा नाही, आणि तो आपल्या शेजारचा आहे. केरळातले थॉमसपंथी ख्रिस्ती पोर्तुगीज येण्यापूर्वी अनेक शतके येथे राहत होते. त्यांचे बिशप इराणकडच्या सिरियाक मंडळीतून येत, आणि त्या मंडळीने नायसियाचे सूत्र ४१० सालीच स्वीकारले होते. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश कोचीजवळच्या उदयंपेरूर येथे गेला आणि त्याने या लोकांची धर्मसभा भरविली. जमलेल्यांकडून श्रद्धेची शपथपूर्वक कबुली घेण्यात आली. त्यांच्या प्रार्थनांतून नेस्टोरियससारखी जुनी नावे खोडण्यात आली. त्यांचे सिरियाक ग्रंथ दुरुस्तीसाठी मागविले आणि कित्येक जाळले. लिस्बनची गलबते या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ज्यांच्या मंडळीत नायसियाची श्रद्धा नांदत होती, त्यांनाच गोव्याच्या सत्तेने श्रद्धेची परीक्षा द्यायला उभे केले! सूत्रात काय आहे, हा तेथे प्रश्नच नव्हता. ते कोणापुढे म्हणायचे, एवढाच प्रश्न होता. ५४ वर्षांनी, १६५३ मध्ये, याच लोकांनी मट्टनचेरीला क्रुसापुढे शपथ घेऊन ते जू झुगारले.

यावर कोणी म्हणेल की, मग सूत्रे हवीतच कशाला? प्रत्येकाने आपापल्या मनात काय ते मानावे. हा उपदेश ऐकायला गोड, पण फुकाचा आहे. ज्याला कशावर तरी हृदय ठेवायचे आहे त्याला ते कशावर ठेवले, हे कधीतरी चार माणसांत सांगावे लागते. व्हिक्टोरिनसला त्याचे सूत्र हवे होते. त्या दोन गुलाम बायांना त्यांचे स्तोत्र हवे होते. मुकी श्रद्धा सोयीची असते, कारण तिला कोणी जाब विचारीत नाही. माझा झगडा सूत्राशी नाही. आपले सूत्र दुसऱ्याच्या तोंडात कोंबून त्यालाच श्रद्धा म्हणणाऱ्याशी माझा झगडा आहे. धमकीने काढून घेतलेला 'क्रेदो' हा व्याकरणानेच खोटा आहे, कारण त्यातला 'मी' बोलणारा नसतो, बोलविणारा असतो. हे मी चौथ्या शतकाबद्दल म्हणतो, आणि ज्या कोणत्या शतकात, ज्या कोणत्या धर्मात, ज्या कोणत्या देशात रस्त्यावर माणसाला अडवून 'अमुक म्हण' असा हुकूम सोडला जातो त्याबद्दलही म्हणतो.

शेवटी एक गोष्ट सांगतो, ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. आज जगभर 'नायसियाचे सूत्र' म्हणून जे म्हटले जाते ते ३२५ चे नाही. ते ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेच्या नावे चालत आलेले, ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेत वाचून दाखविलेले सूत्र आहे. त्याच्याशी जुने सूत्र ताडून पाहा. त्यात शापांची ती शेपटी नाही. एखाददुसऱ्या प्राचीन मंडळीचा अपवाद सोडला, तर उपासनेत ती कोठेच उरली नाही. आणि परिषदेने 'आम्ही' असे लिहिले होते, तरी पूर्वेच्या ग्रीक उपासनेत आणि पश्चिमेच्या लॅटिन उपासनेत लोकांनी त्याचे पुन्हा 'मी' केले. सत्तेने बांधलेला सोटा सत्तेच्या दफ्तरात राहिला. उपासनेला उभ्या राहिलेल्या माणसाने शाप टाकून दिला, 'आम्ही'मधून आपला 'मी' परत घेतला, आणि पाण्यात उभे राहून त्याच्या पूर्वजाने जो शब्द उच्चारला होता तोच शब्द तो आजही म्हणतो आहे.